रुपराव शेवट कुठून आणतात?

रविवार, ५ जानेवारी

मंडळाच्या रजिस्टरात हे लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो. रुपराव ठवकर कॉपी करत आहेत.

आरोप नीट मांडायचा तर सुरुवातीपासून मांडला पाहिजे. आमच्या नंदनवन चित्रमंडळात आम्ही चौघं. यमुताई पोस्टातून निवृत्त, रुपराव वीज खात्यातून निवृत्त, धम्मानंद अजून गांधीबागेत कापडाच्या दुकानात आहे, आणि मी चिटणीस. नियम सगळे माझे. आठवड्याचे चार नवे पिक्चर चौघांत वाटून घ्यायचे. प्रत्येकानं आपला पिक्चर टॉकीजमध्ये जाऊन पाहायचा. रविवारी सकाळी धम्मानंदच्या व्हरांड्यात तर्री-पोहे झाले की तिकीट टेबलावर ठेवायचं आणि दहा मिनिटं मत द्यायचं. तिकीट नाही तर तोंड उघडायचं नाही. शेवटी मी रजिस्टरात ‘पाहावा’ किंवा ‘पाहू नये’ असं लिहितो, आणि ‘पाहावा’ असेल तरच बाकीचे तिघं तो पाहतात.

सहा वर्षं रुपरावांचं मत दोन शब्दांचं होतं. ‘बरा हाये’, नाहीतर ‘टाइमपास हाये’. दिवाळीनंतर मात्र हे गृहस्थ एकाएकी बोलू लागले. आज त्यांच्या वाट्याला ढाबा चालवणाऱ्या बाईचा पिक्चर होता. नवरा दहा वर्षांनी परत येतो आणि गल्ल्याची किल्ली मागतो. रुपराव म्हणाले, “तिनं किल्ली कुठं लपवली माहीत हाये? पिठाच्या डब्यात. काहून की पिठाच्या डब्यात मानूस कधी हात घालत नाही. तो सारं घर उलथंपालथं करते, अन् रोज तिच्याच हातच्या पोळ्या खाते.” यमुताईंनी डोळ्याला पदर लावला. धम्मानंदच्या बशीतले पोहे गार झाले.

आणि एवढं सांगून शेवटी काय म्हणाले? “पण तुमी नका पाहू. टॉकीजमधी जाऊन पाह्यासारखा नाही.” हे असं ते दर वेळी म्हणतात. मला शंका आली ती तिथेच. दहा मिनिटं लोकांना रडवायचं आणि मग म्हणायचं, जाऊ नका. कोणी जाऊन तपासू नये हाच त्यातला हेतू.

त्यानंतर मी माझं मत बारा मुद्द्यांत मांडलं. चौथ्या मुद्द्याला यमुताई मोबाइल पाहत होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

मौद्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं मास्तर होतो, त्यातली अठरा वर्षं बोर्डाच्या परीक्षेला भरारी पथकात. ज्या पोराला पावसाळ्यावर चार ओळी येत नाहीत, तो दोन पानं लिहायला लागला की सरळ त्याच्या मोज्यात हात घालायचा. माझा अंदाज एकदाही चुकला नाही. एकदा चुकला होता, पण त्या पोरानं तसाही पेपर सोडलाच होता.

मंगळवार, ७ जानेवारी

मोबाइलवर त्या ढाब्याच्या पिक्चरबद्दल सहा जणांची मतं ऐकली. दोन तास गेले. पिठाच्या डब्याचा उल्लेख कोणीच केला नाही. म्हणजे माल कुठून तरी वेगळ्याच ठिकाणाहून येतो.

गोपिका मला जेवू घालून पावणेबाराला बाहेर पडली. मंगळवारी ती जाते. भजनालाच जात असणार. टाळ मात्र खुंटीला तसेच लटकले होते. वय झालं, विसरत असेल. तीनला मात्र चहा हातात. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत या बाबतीत तिला बोलायची वेळ फार तर दोन-तीनदा आली. घरात एवढी तरी शिस्त आहे.

रविवार, १२ जानेवारी

आज सापळा लावला.

रुपरावांकडे मुक्केबाज पोरीचा पिक्चर होता. सांगताना ते इंटरव्हलपर्यंत आपले नेहमीचेच, अडखळत, ‘मंग तो येते, मंग ती जाते’ असं. इंटरव्हलनंतर डोळे मिटून घेतात आणि आवाजच बदलतो. म्हणाले, “पोरगी हरून घरी येते. माय काही बोलत नाही. तिच्या हाताच्या पट्ट्या धुते अन् दोरीवर वाळू घालते. लांब लांब, पांढऱ्या. शेजारीण भिंतीवरून पाह्यते अन् इचारते, काहून वं, कोनाच्या घरी बाळ झालं?”

यमुताई आधी हसल्या आणि मग चष्मा पुसायला लागल्या. मी विचारलं, “गाणी किती?”

“दोन. एक रस्त्यावर पळतानी, एक लग्नात.”

“ती झाली इंटरव्हलच्या आधीची. नंतर?”

रुपराव पाणी प्याले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. म्हणाले, “नंतरची ध्यानात नाही राह्यली.”

मी नोंद केली. पट्ट्या किती लांब होत्या ते लक्षात राहतं आणि गाणं राहत नाही! बाहेर स्कूटरपाशी मी हसत हसत विचारलं, “रुपराव, हे एवढं बारीक तुम्हाला सुचतं कसं?” तर म्हणाले, “माह्यं काय हाये त्याच्यात?” इतकी सहज कबुली मी कोणाच्याच तोंडून ऐकली नव्हती. पण पुरावा लागतो.

सुमतीवहिनींची तब्येतही विचारली. दसऱ्याच्या सुमारास घसरून पडल्या होत्या, कंबरेला लागलं होतं. “हाये तशीच हाये,” म्हणाले. म्हणजे बरी आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोपिकेनं तिळाचे लाडू नेहमीपेक्षा दुप्पट केले आणि एक डबा भरून घेऊन गेली. परत आली तेव्हा डबा रिकामा आणि चेहरा हसरा. मी विचारलं, “काय झालं?” म्हणाली, “काही नाही जी, एक गोष्ट आठवली.” बायकांच्या गोष्टी. मी चहा घेतला आणि पुढच्या मंगळवारची योजना आखली. रुपराव मंगळवारी दुपारचा सव्वाबाराचा खेळ पाहतात. तिकिटांवरून हे मी आधीच हेरून ठेवलं आहे.

मंगळवार, २१ जानेवारी

पकडला.

या आठवड्यात रुपरावांकडे हरवलेल्या मुलीला शोधणाऱ्या बापाचा पिक्चर. गोपिकेला सांगितलं, पेन्शनच्या कामाला जातो. माकडटोपी घातली, मफलर नाकापर्यंत ओढला आणि त्यांच्या मागे तीन रांगा सोडून बसलो. थंडी होती, कोणाला नवल वाटलं नाही. रुपराव पुढे झुकून पाहत होते. मध्येच बोटांवर काहीतरी मोजायचे, ओठ हलवायचे, पाठांतर करणाऱ्या पोरासारखे.

इंटरव्हल झाली, एक वाजून चाळीस मिनिटं. रुपराव उठले, समोसे बांधून घेतले आणि सरळ खाली. मी जिन्यापर्यंत गेलो. त्यांनी स्कूटर काढली आणि गेले! अर्धा पिक्चर टाकून! मागे जायला हवं होतं, पण मग माझं तिकीट वाया गेलं असतं. शिवाय दुसरा अर्धा पाहिल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नाही. परत जाऊन बसलो. बाप बंदरावर गुंडांना लोळवतो, दोन जहाजं पेटतात, मुलगी गळ्यात पडते. नीट लिहून घेतलं.

आता प्रश्न एवढाच, की रुपराव जातात कुठे. समोसे दोन होते. उत्तर सरळ आहे. बाई. पिठाचा डबा, पोरीच्या पट्ट्या, हे पुरुषाचं डोकं नाही. कोणीतरी बाई आहे, ती त्यांना शेवट रचून देते. अडुसष्टाव्या वर्षी! आणि घरी वहिनी बिचाऱ्या.

घरी पोचायला तीन वीस झाले. गोपिका फाटकापाशी उभी. “कुठं होते जी? मी घाबरली ना. चाय दोनदा गरम केला.” मी म्हणालो, साहेब जागेवर नव्हता. कर्तव्यासाठी बोललेलं खोटं मी मोजत नाही.

रविवार, २६ जानेवारी, सकाळ

झेंडावंदन करून सगळे व्हरांड्यात जमलो. रुपरावांनी तिकीट ठेवलं. पहिला अर्धा बरोबर सांगितला. मग डोळे मिटले.

“बापाले पोरगी सापडते. परक्या गावात, एका खोलीत. तो खिडकीतून पाह्यते तर ती आपल्या लेकराले भात चारून राह्यली. चांगली हाये. सुखात हाये. बाप दार वाजवत नाही. तसाच वापस येते. अन् दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहून रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करून आनते. इतकी वर्षं तिच्या नावाचे गहू तो उचलत होता.”

यमुताई रडत होत्या. धम्मानंद मान खाली घालून बसला होता. मी खिशातून माझं तिकीट काढलं. तोच खेळ, तीच तारीख. त्यांच्या तिकिटाशेजारी ठेवलं.

“साफ खोटं,” मी म्हणालो. “असं काहीही त्या पिक्चरमध्ये नाही. मी तिथे होतो. इंटरव्हलला तुम्ही पळून गेलात. सहा वर्षं आपण ज्या विश्वासावर बसतो, त्याला तुम्ही फसवलंत. हा शेवट चोरीचा आहे. बोला, कोणाची कॉपी आहे?”

समोरच्या शाळेतून देशभक्तीची गाणी वाजत होती. रुपरावांनी दोन्ही तिकिटं पाहिली. मला वाटलं आता चिडतील, सबबी सांगतील. ते म्हणाले, “मंग खरा शेवट कसा हाये त्याचा?”

मी सांगितला. जहाजं, आग, सगळं.

“असं,” म्हणाले. “म्हंजे तिचाच चांगला होता.”

‘तिचा’! मी यमुताईंकडे विजयानं पाहिलं. रुपरावांनी आपलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं, चपला घातल्या आणि गेले. चहा तसाच राहिला. यमुताई म्हणाल्या, “मनोहरराव, काय भेटलं जी तुमाले?” शिस्त म्हणजे काय हे लोकांना कळत नाही. रजिस्टरातलं रुपरावांचं नाव मी लाल शाईनं खोडलं.

तोच दिवस, दुपार

गोपिकेला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. त्या ‘बाई’पर्यंत आलो तेव्हा तिचे हात थांबले.

“काय म्हटलं तुमी त्याइले? सगळ्याइच्या समोर?”

“कॉपी म्हणालो. चोरीचा शेवट म्हणालो. आहेच.”

ती पाटावर बसूनच राहिली. मग म्हणाली, “ते शेवट सुमतीचे हायेत जी.”

मला काही कळलं नाही. ती सांगत गेली आणि मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. वहिनी दसऱ्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. कुशीवर वळायलाही माणूस लागतं. रविवारचा तास सोडला तर रुपराव आठवडाभर त्यांच्यापाशीच असतात. दोघं जन्मभर जोडीनं पिक्चर पाहत आलेले, म्हणून वहिनींनीच हट्ट केला की मंगळवारचा खेळ सोडायचा नाही. तेवढा वेळ गोपिका त्यांच्यापाशी बसते. दिवाळीपासून. रुपराव इंटरव्हलला येतात, समोसे वाटून खातात, झालं तेवढं सांगतात. आणि पुढचं वहिनी सांगतात. छताकडे पाहत. कधी एका दमात, कधी चार दिवस लावून. रविवारी रुपराव घरी गेले की पहिला प्रश्न असतो, “काय म्हनले लोक?” यमुताई रडल्या, हे ऐकलं की त्या दोन घास जास्त जेवतात.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुमी कधी इचारलं, मंगळवारी मी कुठं जातो म्हून?”

मी नियमांवर आलो. म्हणालो, तरी पण त्यांनी पूर्ण पिक्चर पाहून यायला पाहिजे होता. अर्ध्यात उठायचं कारण काय?

गोपिकेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. “मले तीनच्या आत घरी या लागते ना जी. तुमचा चाय असते. अर्धा घंटा जास्त भेटला असता तं रुपराव भाऊजीनं पूरा पाह्यला असता. मी एकदा म्हटलं बी, उशीर होऊ द्या. तं तेच म्हनले, नको वहिनी, मनोहररावाले चालत नाही.”

कणकेवर माशी बसली होती. तिनं ती हाकलली नाही.

बुधवार, २९ जानेवारी

रात्री नीट झोप नाही. मोजे तपासणं सोपं होतं, मोज्यात चिठ्ठी असायची नाहीतर नसायची.

काल गोपिका जाऊन आली. रुपराव पिक्चरला गेले नाहीत. धम्मानंदनं काळजीनं फोन केला होता, तो वहिनींच्या उशाशी स्पीकरवर लागला आणि त्यांनी सगळं ऐकलं. रुपरावांनी त्यांचं मन रमवायला मागे पाहिलेल्या एका पिक्चरचा पहिला अर्धा सांगितला. त्या म्हणाल्या, “पुढचं मले नाही माहीत. खरं काय ते लोक पाहून येतेत ना.” आणि भिंतीकडे तोंड केलं. जेवल्या नाहीत.

आज मीच गेलो. रुपराव दारात उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत. मी मनाशी तयार करून गेलो होतो. म्हणालो, “माझं चुकलं. यापुढे गोपिका चारपर्यंत बसेल. माझा चहा मी करीन. तुम्ही अख्खा पिक्चर पाहा.”

ते हसले, पण ते हसणं मला नको होतं. “मी पूरा पाहून आलो तं तिच्यासाठी काय उरते मनोहरराव? पह्यले तीनची घाई होती म्हून उठत होतो. मंग तिच्यासाठीच उठाले लागलो.” मग म्हणाले, “मले पकडलं त्याचं काही नाही गा. तिले खोटं म्हटलं तुमी. जे तिच्यापाशी उरलं होतं, तेच.”

आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही, हळूच लोटलं.

रविवार, २ फेब्रुवारी

मंडळात सगळं सांगितलं. बारा मुद्दे नव्हते. यमुताई म्हणाल्या, “म्हंजे ते पिठाच्या डब्याचं सुमतीबाईचं होतं?” मी हो म्हणालो. त्या लगेच निघाल्या होत्या भेटायला. मी थांबवलं. सगळे मिळून गेले तर त्यांना वाटेल दया आली. आधी त्यांनी पुन्हा काही सांगायला हवं. ते कसं होणार, हे कोणालाच सुचेना. रजिस्टर मी धम्मानंदकडे ठेवून आलो. चिटणीस दुसरा नेमा म्हणालो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज सव्वाबाराच्या खेळाला मी गेलो. एका चोराच्या मागे लागलेल्या म्हाताऱ्या हवालदाराचा पिक्चर. पिक्चर चांगला होता, हेच कठीण झालं. हवालदार चोराच्या दाराशी पोचतो, हात वर उचलतो आणि इंटरव्हल. आयुष्यात मी पिक्चर अर्धा टाकलेला नाही. जिन्यापाशी पाय अडले. दार उघडलं की नाही, हे दोन मिनिटांत कळणार होतं. तरी उतरलो, समोसे घेतले आणि ऑटो केला.

दार गोपिकेनं उघडलं. रुपराव कोपऱ्यात खुर्चीवर होते. उठले नाहीत. वहिनींना मी चार महिन्यांनी पाहत होतो. पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. तोंड भिंतीकडेच. मी स्टुलावर बसलो आणि सांगायला लागलो. सवयीनं ‘मुद्दा पहिला’ म्हणून गेलो. गोपिका खोकली. मग तसाच सांगत सुटलो, मधलं आधी, आधीचं मागाहून. दारापर्यंत आलो.

“मग?” गोपिका म्हणाली.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “मी उठून आलो. वहिनी, खरंच, मला पुढचं माहीत नाही.”

पंख्याखाली कॅलेंडरचं पान फडफडत होतं. मला वाटलं, झालं, आता हे कधीच व्हायचं नाही, आणि ते माझ्यामुळे. साठ वर्षांत मी कोणासमोर रडलो नाही, आजही रडलो नाही, पण समोशाचा कागद हातात चुरगळून गेला.

वहिनींनी मान वळवली. छताकडे पाहत म्हणाल्या, “हवालदाराची बायको काय करून राह्यली होती तवा?”

मी म्हणालो, “बायको नाहीये त्याची. पिक्चरमध्ये नाहीच.”

“हाये ना भाऊजी.”

“नाही हो वहिनी. मी पहिल्यापासून पाहिलाय. एकाही सीनमध्ये नाही.”

“असंन,” त्या म्हणाल्या. “तुमी पाह्यली नसंन.”

मी वाद घालायला तोंड उघडलं. पलंगाच्या पलीकडे गोपिका चादरीची सुरकुती काढत होती, खाली मान घालून, हातानं पुन्हा पुन्हा तीच जागा सपाट करत. मी तिच्याकडे किती वेळ पाहत होतो कोण जाणे.

रुपरावांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“मग?” मी विचारलं. “ती काय करत होती?”